मेहरूनचं बोट

परीक्षा घ्यायला आलेल्या तपासनीसांनी पुस्तक मेहरूनच्या हातात दिलं, "तिसरा धडा वाच" म्हणाले, आणि ती न अडखळता वाचायला लागली. ती जे वाचत होती ते त्या पुस्तकात नव्हतंच.

"सूर्य उगवण्यापूर्वी रामजी उठतो. तो बैलांना वैरण घालतो. त्याची पत्नी गोठा झाडते." आवाज खणखणीत होता. चावडीत बसलेली आम्ही सगळी पोरं ऐकत होतो. तिचं बोट ओळीवरून सरकत होतं, आणि ते उजवीकडून डावीकडं सरकत होतं. ओळ संपली की परत उजव्या कडेला यायचं आणि खालच्या ओळीवर पुन्हा डावीकडं जायचं. पुढच्या रांगेतल्या पोरांना ते आधी दिसलं. एकजण हसला, मग दुसरा, मग सगळेच.

तपासनीस हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून तिच्या हातातल्या पानाकडं बघितलं. त्या पानावर रामजी नव्हता. तिथं आगगाडीचं चित्र होतं.

"थांब बाळ," ते म्हणाले.

मेहरून थांबली नाही. तिला थांबताच येत नव्हतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मधे थांबलं की तिला पहिल्या वाक्यापासून सुरू करावं लागायचं. रामजी शेतावर गेला, न्याहारी आली, दिवस मावळला. धडा संपल्यावर ती खालचे प्रश्नही म्हणाली. "रामजी केव्हा उठतो? त्याची पत्नी काय करते?" शेवटी पानाचा आकडा म्हणाली, सात. मग पुस्तक मिटून तिनं ते दोन्ही डोळ्यांना लावलं आणि तपासनीसांना परत दिलं.

गुरुजींनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

*

चैत्र लागला की अंगणातल्या कडुलिंबाचा मोहर गळायला लागतो. बारीक, पांढरा, कडवट वासाचा. सून दिवसातून तीनदा झाडते आणि तीनदा कुरकुरते. लोकांना हा वास आवडतो म्हणे. मला तो परीक्षेचा वास वाटतो, दुसरं काही वाटत नाही. सकाळची शाळा, पाटी पुसायला चिंधी, चावडीची शेणानं सारवलेली गार जमीन, आणि उन्हं वर चढायच्या आत सगळं उरकायचं म्हणून गुरुजींची चाललेली घाई. ज्वारीची रास घरात आलेली असायची. करडईचे काटे अजून पायात मोडलेले असायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी माय माझा पाय मांडीवर घेऊन सुईनं काटा काढायची आणि म्हणायची, "पास झालीस तर झालीस. न्हाय झालीस तरी भाकरी थापायचीच हाय."

आमचं गाव अणदूरपासून दोन कोसांवर. निजाम होता तोवर गावात सरकारी शाळा होती ती उर्दूतली. कचेरी उर्दू, तलाठ्याचं दप्तर उर्दू. आमच्या घरचं कुणी त्या शाळेत गेलं नाही. गेली ती मुसलमानांची सातआठ घरं आणि ब्राह्मणाची दोन पोरं. मेहरूनचे अब्बा कचेरीत लिहायला होते. मोठे नव्हेत, पण गावात कुणाचा कागद आला की तो त्यांच्याकडंच वाचायला जायचा. मग पोलीस ॲक्शन झाली. त्या सालात काय झालं ते मी लहान होते, मला धड आठवत नाही, आणि जे मागाहून ऐकलं ते इथं लिहीत नाही. मेहरूनचे अब्बा जिवंत राहिले, एवढं खरं. त्यांची नोकरी काही सालांनी गेली, कारण कचेरीचं लिहिणं मराठीत आलं आणि त्यांना मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. उर्दू शाळाही बंद झाली. कुणी मुद्दाम बंद केली असं नाही. मास्तर बदलून गेला, दुसरा आला नाही. मग सोलापूरकडचे एक गुरुजी आले आणि चावडीत मराठी शाळा भरायला लागली. मेहरून दोनेक सालं घरीच होती.

ती हुशार होती हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. गल्लीतल्या बायका माहेरी पत्र लिहायचं तर तिच्याकडं यायच्या, उर्दूत लिहून घ्यायच्या. तोंडी हिशेब माझ्या बापापेक्षा भरभर करायची. नऊ वर्षांची असताना तिचं कुराण पुरं झालं, तेव्हा त्यांच्या घरी गोड केलं होतं आणि आमच्याकडंही वाटीभर आलं होतं. मायनं ती वाटी घासून, आत गूळ घालून परत धाडली होती. रिकामी वाटी परत द्यायची नसते.

गुरुजी चांगले होते. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं वाचून त्यांच्यावर कुणी राग धरेल. ते स्वतः मुसलमानांच्या मोहल्ल्यात गेले, दारादारात उभे राहिले आणि म्हणाले, पोरांना धाडा, मी शिकवतो. चार इयत्ता, एक खोली, एक माणूस. उर्दूचा एक हरफ त्यांना येत नव्हता. तेव्हा त्यांनी जोड्या लावल्या. ज्याला मराठी येतं त्यानं ज्याला येत नाही त्याच्याशेजारी बसायचं आणि त्याला पुढं आणायचं. जोडीतला एक मागं राहिला तर दोघांनाही ओट्यावर उभं करायचे. मी आणि मेहरून जोडी. मी नऊ वर्षांची, ती बारा; उर्दूत तिची तिसरी झालेली, म्हणून गुरुजींनी तिला माझ्याबरोबर चौथीत घातलं होतं. दिवाळी होऊन गेली होती आणि परीक्षा चैत्रात होती.

मेहरूनसाठी ती परीक्षा म्हणजे सगळंच होतं. सोलापूरला तिचे मामू होते, गिरणीत कामाला. त्यांनी निरोप दिला होता की चौथीचा दाखला असेल तर इथं मुलींच्या शाळेत पाचवीत घालतो, पुढं सातवीची फायनल झाली तर मास्तरीण होईल. चाची, म्हणजे मेहरूनची आई, माझ्यासमोर म्हणाली होती, "एक बार. बस. पास हुई तो भाई के घर जायेगी. नै तो घर में बैठ, सिलाई कर. तेरे बाप में अब दूसरा साल पढाने की ताकत नै रही." अब्बा तिथंच भिंतीला टेकून बसले होते. त्या दिवसांत ते फार बोलत नसत.

*

माझी नात अर्चना मास्तरीण आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत, लमाणांच्या तांड्यावर. रोज स्कूटीवर जाते. तिच्या वर्गातली पोरं घरी गोरमाटी बोलतात आणि पुस्तक मराठीत आहे. परवा ती ओसरीवर कागद पसरून बसली होती. मागं राहिलेल्या मुलांची यादी आणि त्यांना पुढं आणण्यासाठी काय केलं, ते लिहायचं होतं.

"काय लिवतीस?" मी विचारलं.

"जोड्या लावल्यात आजी. येणाऱ्याशेजारी न येणारा. वरून तसंच सांगितलंय."

मी तंबाखू मळत होते. मळतच राहिले.

"पाठ करून म्हणत न्हाईत ना?" मी म्हणाले.

"म्हणतात ना. छान म्हणतात."

"पुस्तक बदलून बघ."

दुसऱ्या दिवशी आली ती हातपाय धुऊन थेट जेवायला बसली. भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाली, "बघितलं बदलून. एक पोरगी आहे, सगळ्यात चांगली म्हणणारी. दुसऱ्या पुस्तकातली ओळ दाखवली तर माझ्या तोंडाकडं बघत राहिली."

"मग?"

"मग काय. कळलं की येत नाही. पुढं काय करू ते तू सांग. मला तिची भाषा येत नाही. सव्वीस पोरं आहेत आणि मी एकटी. तीन दिवसांनी ही माहिती ऑनलाइन भरायची."

एवढी सालं गेली, मला वाटत होतं मला ठाऊक आहे काय चुकलं होतं. चूक ठाऊक असणं वेगळं. मी म्हणाले, "चहा टाकू का?" ती म्हणाली, "टाक."

*

मी मेहरूनला वाचायला शिकवलं नाही. पाठ करायला शिकवलं. ते सोपं होतं.

आधी मी अक्षरंच काढून दाखवली होती. क, म, ल. ती पाटीवर हुबेहूब काढायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार, कारण तिचा हात लिहिण्याला सरावलेला होता. बघून उतरवायला सांगितलं की गुरुजी तिची पाटी सगळ्यांना दाखवायचे. पण अक्षराला अक्षर जोडून शब्द लावायला वेळ लागायचा. मला खेळायला जायचं असायचं, आणि तिला घरी पाणी भरायचं असायचं. एक दिवस तीच म्हणाली, "गोदे, तू पढ, मै सुनती. पैले मुँह पे चढना, फिर हरफ अपने आप पैचान में आते."

तिचं खरं होतं. तिच्या फूफीनं, म्हणजे आत्यानं, तिला अरबी तसंच शिकवलं होतं. आधी ऐकून ऐकून तोंडपाठ, मग पुस्तक समोर, मग बोट ठेवून म्हणत राहायचं. म्हणता म्हणता एक दिवस कळतं की हा आवाज म्हणजे ही खूण. तिचं पुरं कुराण तसंच झालं होतं आणि आता ती कुठलंही पान उघडून वाचायची. उर्दूही त्याच हरफांवर आली होती. तेव्हा ही काही लबाडी नव्हती. तिच्या घरी शिकायची रीतच ती होती. फक्त त्या रीतीला तीनचार सालं लागतात. आमच्याकडं साडेचार महिने होते.

आम्ही त्यांच्या परसात लिंबाखाली बसायचो. मी एक वाक्य वाचायची, ती म्हणायची. मी दुसरं वाचायची, ती पहिलं आणि दुसरं म्हणायची. चाची दळण निवडता निवडता ऐकायची आणि मधेच म्हणायची, "ये रामजी की बीवी दिनभर काम करती, रामजी कब करता?" आम्ही हसायचो. संक्रांतीपर्यंत अर्धं पुस्तक झालं. होळीला सगळं. एकोणतीस धडे, कवितांसकट, प्रश्नांसकट. कुठल्या शब्दावर पान उलटायचं हेही तिला माहीत होतं. मलाही एवढं पाठ नव्हतं.

गुरुजी तिला वाचायला सांगायचे ते आमच्याच फाटक्या पुस्तकातून, धड्याचा आकडा सांगून. ती वाचायची. त्यांच्याभोवती पहिलीतली पोरं रडत असायची, तिसरीतली मारामाऱ्या करत असायची. बोट कुठं फिरतंय ते बघायला त्यांना सवड कुठली. ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "जोडी असावी तर गोदावरी आणि मेहरुन्निसासारखी." मला त्या दिवशी फार बरं वाटलं. घरी जाऊन मी मायला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "बरं हाय. पानी आन."

आणि मला माहीत होतं. हे लिहायचंच म्हणून आज बसले आहे. परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना दुकानातून गूळ आणला होता, तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला होता. गूळ खाल्ला आणि मी तो कागद मेहरूनपुढं धरला. म्हणाले, वाच. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "म," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ये 'का' है." मग हसली. "ये अपनी किताब का नै है, गोदे."

मी तिला म्हणाले, "दुसरं पुस्तक आलं तर?"

ती म्हणाली, "दुसरा कायको आयेगा? इम्तेहान इस किताब का है ना?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं. गुरुजींना जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी दोघींना ओट्यावर उभं केलं असतं, आणि माझी शाबासकी गेली असती. नऊ वर्षांच्या पोरीला शाबासकी मोठी असते. लोक म्हणतात, लहान होतीस, तुझा काय दोष. दोष किती आणि कुणाचा ते मला मोजता येत नाही. मी सांगितलं असतं तर पंधरा दिवसांत गुरुजींनी तरी काय केलं असतं, तेही मला कळत नाही.

*

पुस्तक बदललं त्याला कारण तपासनीसांचा चांगुलपणा. मेहरूनच्या आधी एक पोरगा वाचत होता. आमच्या पुस्तकाचं पान त्याच्या हातात निखळून आलं. तपासनीस म्हणाले, "अरे, ह्या चिंध्यांतून काय वाचणार पोरं," आणि त्यांनी आपल्या पिशवीतलं कोरं पुस्तक काढलं. त्या साली नवीन निघालेलं, आमच्या गावात न पोचलेलं. पुढचा नंबर मेहरूनचा होता.

तिनं ते हातात घेतलं तेव्हा तिला कळलं होतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं, कळलं असावं. त्यावर आगगाडी होती आणि आमच्या तिसऱ्या धड्यावर बैलजोडी होती, एवढं तर दिसतंच. पण समोर साहेब उभा, मागं सगळी शाळा, आणि धडा तिसराच सांगितलेला. तिच्यापाशी जो तिसरा धडा होता तो तिनं दिला. आणि भ्यालं की हात आपल्या जुन्या वळणावर जातो, तसं बोट गेलं.

हसणं थांबल्यावर तपासनीसांनी एका शब्दावर पेन्सिल ठेवली. "हे काय आहे?" ती गप्प. दुसऱ्या शब्दावर ठेवली. गप्प. तिचे कान लाल झाले होते. मग ती हळू म्हणाली, "साब, उर्दू में पूछो ना."

तपासनीस पुण्याकडचे. त्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी मान हलवली. तपासनीस म्हणाले, "बाळ, मला उर्दू येत नाही गं." ओशाळल्यासारखे म्हणाले, टाकून नव्हे. तिला काय काय येत होतं ते विचारू शकेल असं त्या खोलीत कुणी नव्हतं. तिचे अब्बा विचारू शकले असते. ते चावडीपासून वीस पावलांवर, घरात भिंतीला टेकून बसले होते.

मग माझा नंबर आला. त्याच कोऱ्या पुस्तकातला तोच तिसरा धडा. मी अडखळत वाचला. "आ-ग-गा-डी." दोन शब्द चुकले. तपासनीस म्हणाले, "ठीक." मी पास झाले. मेहरूनच्या नावापुढं त्यांनी काही लिहिलं आणि गुरुजींना म्हणाले, "हिला पहिलीत बसवून अक्षरओळखीपासून घ्या. हुशार दिसते. दोन वर्षांत येईल वर." मनापासून म्हणाले. बारा वर्षांची पोरगी, पहिलीत. दोन वर्षांनी ती चौदाची झाली असती, आणि चाचीनं एकच बार सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी लिहिण्याची परीक्षा होती. मेहरून आली नाही. गुरुजींनी मला बोलवायला धाडलं. मी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत चाची चुलीपुढं होती. म्हणाली, "जा बेटा. तेरा इम्तेहान है ना, जा." मेहरून मागं परसात होती, कपडे वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, "तू पास हुई ना?" मी म्हणाले, "व्हय." ती म्हणाली, "अच्छा हुआ." आणि पुढचं कापड झटकलं. पाण्याचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. मी तिथं उभी राहिले आणि मग परत आले.

गुरुजी त्यांच्या घरी दोनदा गेले. पहिल्यांदा चाचीनं दाराआडून सांगितलं, "मास्तरसाब, आपकी मेहेरबानी." दुसऱ्यांदा अब्बा बाहेर आले. गुरुजींशी काय बोलले ते कुणी ऐकलं नाही. गुरुजी परत आले आणि त्या दिवशी त्यांनी जोड्या मोडल्या. ज्यानं त्यानं आपापल्या जागी बसायचं, एवढंच म्हणाले. मोहल्ल्यातली दुसरी पोरं पुढच्या पावसाळ्यापर्यंत एकेक करून यायची बंद झाली. मामू मे महिन्यात आले, अणदूरला मोटारीतून उतरून चालत. दोन दिवस राहिले आणि एकटेच गेले.

चौथीपुढं आमच्या गावात शाळा नव्हती, आणि मला सोलापुरात मामा नव्हता. तेव्हा शिक्षण म्हणायचं तर माझंही तिथंच संपलं. पण मला वाचता येत होतं. बाजारातल्या पाट्या, मोटारीवरची नावं, पुढं पोथी, आता नातवंडांची पुस्तकं. त्याचा मला फार उपयोग झाला असं म्हणणार नाही. झाला तो एवढाच की मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

लग्नानंतर किती तरी सालांनी अणदूरच्या स्टँडवर मेहरून भेटली. बुरख्यात होती, बरोबर तीन लेकरं, डोक्यावर गाठोडं. आवाजावरून ओळखलं. ती एका माणसाला विचारत होती, "भैय्या, ये नळदुर्ग जाती क्या?" माणूस न बोलता चढून गेला. मी पुढं होऊन पाटी वाचली आणि म्हणाले, "हीच. चढ." ती मला बघून हसली. लेकरांना म्हणाली, "ये मेरी उस्तानी. इसके हात के नीचे मै फेल हुई." लेकरं हसली. मीही हसले. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीतून म्हणाली, "तेरे लेकरां सिकते?" मी म्हणाले, "सिकतात. तुजे?" आवाजात तिचं उत्तर ऐकू आलं नाही.

अर्चनानं परवा ती माहिती भरून टाकली. त्या पोरीच्या नावापुढं काय लिहिलं, मी विचारलं. ती म्हणाली, "प्रगतिपथावर." दुसरं काही लिहायला जागाच नसते म्हणे.

गुरुजी बदलून गेले आणि पुढं वारले असं कळलं. तपासनीस तर तेव्हाच पिकलेले होते. चावडीतल्या त्या शाळेतली पोरं एकेक करून गेली, शेवटचा गेल्या दिवाळीत गेला. मेहरून नळदुर्गला थोरल्या लेकाकडं असते, तिला दिसत नाही आता. मी इथं आहे. त्या दिवशी त्या खोलीत होते त्यांतल्या आम्ही दोघी जिवंत आहोत.